धातुमळीचे काँक्रीट : प्रस्तावना

एक टन लोखंड गाळताना भारतातल्या झोतभट्टीत त्याच्या जोडीला साधारण साडेतीनशे ते चारशे किलो धातुमळी तयार होते. आपल्या खनिजात अॅल्युमिना जास्त आणि कोकमध्ये राख जास्त. ती ओढून घ्यायला भट्टीत चुनखडी आणि डोलोमाइटही जास्त टाकावे लागतात, म्हणून हा आकडा युरोप-जपानमधल्या भट्ट्यांपेक्षा चढाच राहतो. कारखान्यात, तयार काँक्रीटच्या म्हणजे आरएमसी प्लांटवर आणि सिमेंटच्या दुकानात या मळीला सगळे स्लॅग म्हणतात. मीही इथे तेच म्हणेन. काँक्रीटमध्ये या स्लॅगचे काय करता येते, काय करू नये आणि करायचेच तर कोणत्या काळजीने, हा या पुस्तकाचा विषय आहे. साइटवर उभ्या असलेल्या डिप्लोमा इंजिनीयरला, ठेकेदाराला किंवा स्वतःचे घर बांधायला काढलेल्या माणसाला कळेल अशा मराठीत या विषयावर सलग लिहिलेले काही माझ्या पाहण्यात नव्हते. त्यामुळे लेखिकेने प्रस्तावनेसाठी विचारले तेव्हा मी आनंदाने होकार दिला.

पुस्तक हातात घेणाऱ्याने एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी. स्लॅग हा एक पदार्थ नाही. झोतभट्टीतला स्लॅग वेगळा, लोखंडाचे पोलाद करताना निघणारा वेगळा आणि भंगार वितळवणाऱ्या इंडक्शन भट्टीतला त्याहून वेगळा. तिन्हींना बाजारात एकच नाव असल्यामुळे बरेच नुकसान झाले आहे. एकाची कीर्ती दुसऱ्याला चिकटते आणि दुसऱ्याची बदनामी पहिल्याला भोवते.

आधी झोतभट्टीचा स्लॅग पाहू. भट्टीच्या तळाशी वितळलेले लोखंड जमते आणि स्लॅग हलका असल्याने त्यावर तरंगतो. तापमान १५०० अंश सेल्सिअसच्या आसपास. इथून पुढे तो काय होणार, हे तो किती वेगाने थंड होतो त्यावर ठरते. खड्ड्यात ओतून हवेवर निवू दिला तर त्याचा राखाडी, सच्छिद्र दगड होतो. त्याच लालभडक धारेवर जोरात पाण्याचे फवारे मारले तर ती क्षणात फुटून वाळूएवढे दाणे होतात. साखरेचा पाक संथपणे निवला की खडीसाखरेचे खडे धरतात आणि झटकन गार केला की काचेसारखी पारदर्शक वडी होते, तसाच हा फरक आहे. दाणे पाडण्याच्या हौदाशेजारी उभे राहिले की वाफेचा लोट अंगावर येतो आणि त्याबरोबर सडक्या अंड्यांचा वास येतो. तो स्लॅगमधल्या गंधकाचा. हौदातून निघालेला माल मुठीत घेतला तर फिकट पिवळसर, हलका आणि हाताला टोचणारा लागतो. भिंगाखाली तो काचेचा आहे हे दिसते.

ही काच महत्त्वाची आहे. आयएस १२०८९ या मानकाने सिमेंटसाठीच्या दाणेदार स्लॅगमध्ये काचेचे प्रमाण किमान ८५ टक्के मागितले आहे, ते याचसाठी. स्फटिक व्हायला सवडच न मिळाल्यामुळे तिच्यातले कॅल्शियम, सिलिका आणि अॅल्युमिना अस्वस्थ अवस्थेत अडकून राहतात आणि योग्य सोबत मिळाली की पाण्याशी संयोग पावतात. ती सोबत चुना देतो. १८६२ साली जर्मनीत एमिल लांगेन यांच्या हे ध्यानात आले आणि पुढच्या काही दशकांत स्लॅगमिश्रित सिमेंट युरोपात रीतसर विकले जाऊ लागले. आपल्याकडचे स्लॅग सिमेंटचे मानक, आयएस ४५५, १९५३ सालचे आहे; म्हणजे भिलाईची पहिली झोतभट्टी पेटण्याच्या सहा वर्षे आधीचे. तेव्हा ‘हे काहीतरी नवीन आलेय, आमच्या स्लॅबवर प्रयोग नको’ असे जे अजून ऐकू येते, त्यात तथ्य नाही.

काँक्रीटच्या आत काय घडते ते थोडक्यात सांगतो. सविस्तर मांडणी दुसऱ्या प्रकरणात आहे. पोर्टलंड सिमेंट पाण्याशी मिसळले की एक जेल तयार होते, ज्यामुळे ताकद येते, आणि जोडीला मोकळा चुना सुटतो, ज्याचा ताकदीला जवळजवळ उपयोग नसतो. बारीक दळलेला स्लॅग, म्हणजे जीजीबीएस, या चुन्यामुळे जागा होतो आणि आणखी जेल तयार करतो. ते जेल काँक्रीटमधली सूक्ष्म छिद्रे भरत जाते. काम सावकाश चालते, पण दीर्घकाळ चालते. तीन आणि सात दिवसांचे क्यूब कमी ताकद दाखवतात, अठ्ठावीस दिवसांना बरोबरी होते आणि त्यानंतर स्लॅगचे काँक्रीट बहुधा पुढे जाते. उष्णताही कमी आणि हळूहळू निघते, म्हणून राफ्ट, जाड पाईल कॅप, धरणाचे काम अशा मोठ्या घनाच्या ठिकाणी भेगांची भीती कमी होते.

आमच्या कोकणाला याचा सर्वांत मोठा फायदा आहे. किनाऱ्यालगतची इमारत पंधरा-वीस वर्षांत आजारी पडते, कारण खाऱ्या हवेतले क्लोराइड काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत पोचते. सळई गंजते, गंज फुगतो, कव्हर सुटून पडते. बाल्कनीच्या खालचे उघडे पडलेले तांबडे गज किनाऱ्यावरच्या कोणत्याही गावात दिसतील. छिद्रे बारीक झाली की क्लोराइडची वाट लांबते. नेदरलँड्समध्ये समुद्राच्या उधाणाला अडवणारा ईस्टर्न शेल्टचा प्रचंड बंधारा १९८६ साली पुरा झाला, तो जास्त स्लॅग असलेल्या सिमेंटमध्येच बांधला आहे. तिथे अशा सिमेंटला कुणी पर्यायी किंवा हलके समजत नाही. समुद्राच्या कामाला तेच वापरायचे, हा तिथला रिवाज आहे. आपल्याकडे डोलवीसारखा पोलाद कारखाना पेण तालुक्यात, धरमतरच्या खाडीकाठी, अगदी किनाऱ्याच्या तोंडाशी आहे. तिथेच स्लॅग दळण्याची व्यवस्था आहे. तरीही दोन-अडीच तासांच्या अंतरावरच्या गावात लोक निव्वळ ओपीसीचा, म्हणजे साध्या पोर्टलंड सिमेंटचा, आग्रह धरतात, याचे मला वाईट वाटते.

या आग्रहामागे काही अनुभव आहेत आणि ते खरे आहेत. स्लॅगचे काँक्रीट हळू घट्ट होते, म्हणून सेंट्रिंग लवकर खोलले की खालून भुसभुशीत लागते. क्यूब तोडला तर आत निळसर-हिरवट रंग दिसतो आणि मालक घाबरतो. मिस्त्रीने ‘माल बिघडलाय’ म्हटले की विषय संपतो. हा रंग स्लॅगमधल्या सल्फाइडचा असतो आणि हवा लागली की काही दिवसांत उडून जातो. रंग दिसतो म्हणजे आतली क्रिया चालू आहे, एवढेच समजावे. तोडलेला क्यूब आठवडाभर उघड्यावर ठेवून मालकालाच पुन्हा दाखवावा. हजार शब्दांनी होत नाही ते काम होते. लेखिकेने या रंगाची छायाचित्रे दिली आहेत, ती साइट ऑफिसच्या भिंतीवर लावण्यासारखी आहेत.

खरा घोटाळा पाण्याचा आहे. आयएस ४५६ म्हणते की साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंट किंवा स्लॅगसारखे पूरक द्रव्य असेल तर किमान दहा दिवस पृष्ठभाग सतत ओला ठेवा; शक्य तिथे चौदा दिवसांची शिफारस आहे. आपल्याकडे स्लॅबवर आळी करून पाणी भरतात ते ठीक, पण कॉलमला सकाळी एकदा पाइप फिरवून ‘पाणी मारले’ म्हणतात. एप्रिलच्या उन्हात तो कॉलम तासाभरात कोरडा होतो. ओपीसी अशी हयगय थोडीफार सोसते, स्लॅग सोसत नाही. पाणी तुटले की त्याची क्रिया थांबते, वरचा इंचभर थर कच्चा राहतो आणि सळईचे रक्षण नेमके त्याच थराने करायचे असते. म्हणजे ज्या किनाऱ्यासाठी स्लॅग निवडला, तिथेच तो नापास होतो आणि बोल मात्र सिमेंटला लागतो. एका कामावर मी ओल्या गोणपाटाची मागणी लेखी केली होती. ठेकेदाराने दोन दिवस गुंडाळले आणि तिसऱ्या दिवशी तेच गोणपाट मजुरांच्या झोपडीच्या आडोशाला गेले. त्या कॉलमच्या पृष्ठभागावर नंतर नखाने रेघ ओढता येत होती. म्हणून क्युरिंगचे चौथे प्रकरण हे या पुस्तकाचे हृदय आहे असे मी मानतो. कुणाला एकच प्रकरण वाचायला सवड असेल तर ते वाचावे.

आता हवामानाचा मुद्दा. एक टन क्लिंकर भाजताना आठशे-नऊशे किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि त्यातला मोठा वाटा इंधनाचा नसून खुद्द चुनखडी फुटण्याचा असतो. स्लॅगमधल्या चुन्याचा तो हिशेब लोखंड गाळतानाच चुकता झालेला असतो. उरते ती वाळवण्या-दळण्याची वीज. हजार चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे बारा घनमीटरच्या आसपास काँक्रीट. घनमीटरला ३४० किलो धरले तर ८० बॅगांहून थोडे जास्त सिमेंट. त्यातले निम्मे स्लॅगने भागवले की एका स्लॅबमागे दीड टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड वाचतो.

हा हिशेब बरोबर आहे, तरी इथे थांबून अधिक प्रामाणिक बोलायला हवे. जगात वर्षाला चार अब्ज टनांच्या घरात सिमेंट लागते आणि झोतभट्टीचा स्लॅग त्याच्या दहाव्या भागाइतकाही निघत नाही. जो चांगला, दाणेदार निघतो तो बहुतेक सगळा आधीच सिमेंटवाले उचलतात. मी माझ्या स्लॅबमध्ये जास्त घेतला तर दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याचा कमी होतो. झोतभट्टीच्या स्लॅगला ‘टाकाऊ’ म्हणण्याचे दिवस केव्हाच गेले. तो आता मागणीचा माल आहे, त्याला भाव आहे. तेव्हा त्याची जागा विचार करून ठरवावी. समुद्राकाठी, खाऱ्या जमिनीत, सांडपाण्याच्या टाक्यांत, मोठ्या पायांत तो आधी गेला पाहिजे. विदर्भात औष्णिक वीजकेंद्रांची राख शेजारी पडलेली असताना कोकणातून स्लॅग ट्रकने वाहून नेण्यात मला अर्थ दिसत नाही.

अजूनही ढिगाऱ्यांत पडून राहणारा तो दुसरा, पोलादाचा स्लॅग. भट्टीतल्या लोखंडातला कार्बन, सिलिकॉन आणि फॉस्फरस काढून पोलाद करताना कन्व्हर्टरमध्ये भरपूर चुना टाकतात. त्या वेळी निघतो तो एलडी स्लॅग. पोलादाच्या टनामागे तो दीडशे किलोच्या आसपास निघतो. २०२३-२४ साली देशात सुमारे १४.४ कोटी टन कच्चे पोलाद झाले आणि राष्ट्रीय पोलाद धोरणाने २०३०-३१ पर्यंत क्षमता ३० कोटी टनांवर नेण्याचे ठरवले आहे. ढीग किती वाढणार ते यावरून समजावे.

हा स्लॅग दिसायला दांडगा असतो. काळपट, जड, टोकदार. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडापेक्षाही वजनदार, कारण त्यात लोहाची ऑक्साइडे असतात. चुंबक फिरवला तर अडकलेले लोखंडही निघते. खडी म्हणून तो उत्तम भासतो आणि इथेच माणूस फसतो. कन्व्हर्टरमधला सगळा चुना विरघळत नाही. काही चुना आणि काही मॅग्नेशिया मोकळा राहतो आणि दगडाच्या पोटात झाकला जातो. पाणी पोचले की चुना फुगून जवळजवळ दुप्पट जागा मागतो. मॅग्नेशिया त्याहून संथ. तो वर्षांनी जागा होतो. अशी ताजी खडी घातलेले कारखान्याच्या शेडचे एक फ्लोअर मी पाहिले आहे. दोन पावसाळे झाले आणि जमिनीवर नाण्याएवढे खपले उडू लागले. प्रत्येक खळग्याच्या तळाशी एकेक दाणा फुटलेला आणि त्यावर पांढरी भुकटी. फ्लोअर भरणाऱ्याने काँक्रीट चांगले केले होते. चूक खडी कोणती आहे हे न विचारण्यात होती.

उपाय माहीत आहेत. ढीग पसरून महिनोन्महिने पाऊसपाणी खाऊ द्यायचे, किंवा जपानमध्ये करतात तसे वाफ देऊन तेच काम थोड्या दिवसांत उरकायचे. नंतर प्रसरणाची चाचणी घ्यायची आणि क्रोमियमसारखे काही पाझरत नाही ना, तेही तपासायचे. आयएस ३८३ च्या २०१६ सालच्या आवृत्तीने यासाठी दार उघडले, पण किलकिले. झोतभट्टीच्या स्लॅगची खडी साध्या काँक्रीटमध्ये ५० टक्के आणि आरसीसीमध्ये २५ टक्क्यांपर्यंत चालते. पोलादी स्लॅगची खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के आणि आरसीसीमध्ये शून्य. एम १५ च्या खालच्या लीन काँक्रीटमध्ये मात्र दोन्ही शंभर टक्के चालतात.

या शून्याबाबत लेखिकेचे आणि माझे जमत नाही. नीट मुरवलेल्या आणि तपासलेल्या स्लॅगला आरसीसीची दारे बंद ठेवणे अन्याय्य आहे, असे नवव्या प्रकरणात तिने मोठ्या तळमळीने मांडले आहे. तिचे प्रयोग मी पाहिले आहेत आणि ते चोख आहेत. तरीही माझे मत असे की जोवर प्रत्येक ढिगाला तारीख, मुरवण्याची नोंद आणि प्रसरणाचा दाखला जोडण्याची शिस्त आपल्या बाजारात येत नाही, तोवर तो शून्य आपले रक्षण करतो आहे. प्रयोगशाळेतला स्लॅग आणि ट्रकमधून येणारा स्लॅग यांच्यात अजून फार अंतर आहे. बीममध्ये गेलेला फुगरा दाणा काढता येत नाही. फुटपाथच्या कर्बमधला काढता येतो. आणि वापरायला जागा कमी नाहीत: पीसीसी, पेव्हर ब्लॉक, धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांचे ठोकळे, जिथे त्याचे वजन उपयोगी पडते. सर्वांत आधी रस्ते.

रस्त्यांचे काम तर सुरूही झाले आहे. सुरतजवळ हजिऱ्याला २०२२ साली केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या मार्गदर्शनाखाली सुमारे एक लाख टन प्रक्रिया केलेला पोलादी स्लॅग घालून सहापदरी रस्ता झाला. देशात वर्षाला अशा स्लॅगची सुमारे १.९ कोटी टन निर्मिती होते, हा आकडा त्या वेळी पुढे आला. आपल्या मुंबई-गोवा महामार्गावर रायगड जिल्ह्यात जानेवारी २०२४ मध्ये एक किलोमीटरचा तसाच टप्पा खुला झाला, त्यासाठी डोलवीचा सुमारे ८० हजार टन स्लॅग लागला. ज्या महामार्गाने कोकणी माणसाला इतकी वर्षे रडवले, त्याच्यावर एक चांगले काम झाले याची नोंद आनंदाने करतो. एवढा माल लागला म्हणजे तितकाच डोंगर क्रशरखाली जायचा वाचला.

तिसऱ्या स्लॅगविषयी पुस्तकात एकच लहान प्रकरण आहे, याची मला रुखरुख वाटते. जालन्याच्या इंडक्शन भट्ट्यांत भंगार आणि स्पंज आयर्न वितळवून टीएमटी बार बनतात. तिथल्या स्लॅगमध्ये सिलिका जास्त आणि चुना कमी असल्याने तो फुगण्याची भीती कमी, पण भट्टीत काय भंगार पडले त्यावर त्याचा गुण दर खेपेला बदलतो. मराठवाड्यात वाळूची टंचाई आणि वाळूमाफियांचा जाच दोन्ही भरपूर असताना या मालाचा पद्धतशीर अभ्यास जालना-छत्रपती संभाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी हाती घ्यावा. पुढच्या आवृत्तीत हे प्रकरण मोठे झालेले मला पाहायचे आहे.

पुढच्या काळाचाही विचार लेखिकेने केला आहे. युरोपात झोतभट्ट्या विझू लागल्या आहेत. ब्रिटनमधल्या पोर्ट टॅलबॉटची शेवटची झोतभट्टी सप्टेंबर २०२४ मध्ये बंद झाली आणि तिथे विजेची भट्टी येणार आहे. झोतभट्टी गेली की तिचा काचेरी स्लॅगही गेला. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्येच दाखवले की जुन्या काँक्रीटमधून वेगळी काढलेली सिमेंटची भुकटी विजेच्या भट्टीत चुन्याऐवजी टाकली तर निघणाऱ्या स्लॅगपासून पुन्हा सिमेंट करता येते. आपल्याकडे झोतभट्ट्या अजून वाढतच आहेत, त्यामुळे आपल्या हाती काही दशके आहेत. ती आळसात घालवू नयेत.

पुस्तकाची भाषा साधी आहे, कोष्टके हिशेब करून पाहता येतील अशी आहेत आणि चुकलेल्या कामांची प्रकरणे नावे न घेता पण स्पष्टपणे दिली आहेत. आरएमसीच्या गाडीवर येणारे चलन कसे वाचावे, हे सांगणारी पाच पाने तर सोसायटीच्या कमिटीवरच्या प्रत्येकाने वाचावीत.

वाचकांना माझी विनंती एवढीच. तुमच्या कामावर पुढच्या वेळी स्लॅग येईल तेव्हा तो कोणत्या भट्टीचा आहे ते विचारा. दळलेला असेल तर आयएस १६७१४ चा दाखला मागा, खडी असेल तर मुरवण्याची नोंद आणि प्रसरणाचा अहवाल मागा. तो न देणाऱ्याची गाडी परत पाठवा. आणि एकदा काँक्रीट पडले की दहा दिवस, जमल्यास चौदा दिवस, त्याला ओले ठेवा.